धुऱ्यावरचे गणित वर्गात यावे

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा

महोदय,


आपले कार्यालय तालुक्यातल्या शाळांकडून वर्षभर माहिती मागवते. पटसंख्या, पोषण आहार, आधार नोंदणी, गणवेश. यंदा त्यात एका प्रश्नाची भर घालावी, यासाठी हे पत्र लिहितो आहे. प्रत्येक शिक्षकाला विचारा: तुमच्या वर्गातले मूल शाळेबाहेर कोणता हिशोब करते, आणि तो कसा करते? पत्र खुले ठेवले आहे, कारण ते तालुक्यातल्या गुरुजींनी, बाईंनी आणि माझ्यासारख्या संत्रा-कापूस पिकवणाऱ्या पालकांनीही वाचावे असे मला वाटते.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, लहान मुलांच्या संख्याज्ञानावर अनेक वर्षे काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या १,४३६ मुलांचे गणित तपासले. आधी ते गिऱ्हाईक होऊन गेले. नेहमीच्या किलो-अर्ध्या किलोऐवजी अडनिडी मापे मागितली, म्हणजे पाठ असलेल्या किमतीवर भागणार नाही. जवळजवळ सगळ्या मुलांनी हिशोब बरोबर केला, तोही कागदाशिवाय. मग याच मुलांना शाळेच्या पुस्तकात असतात तशी, नुसत्या आकड्यांची उदाहरणे दिली. गणिते तेवढ्याच अवघडपणाची होती, काही त्याहून सोपी होती. मुले अडली.

ती घाबरली असतील, शेजाऱ्याच्या मदतीने बाजारात निभावत असतील, किंवा बाजारात पैसे जातील या धास्तीने जास्त लक्ष देत असतील, अशा सगळ्या शंका संशोधकांनी एकेक करून तपासल्या. त्यांपैकी एकाही कारणाने हा फरक उलगडला नाही. तोंडी उदाहरण एखाद्या ओळखीच्या प्रसंगात गुंफून दिले की मुलांना ते येत होते, उघड्या आकड्यांत दिले की येत नव्हते.

अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. त्याच भागातल्या शाळांत जाणारी, पण कधी विक्री न केलेली ४७१ मुले घेतली. साधी अंकी उदाहरणे त्यांना जास्त चांगली जमली. पण बाजारातला जो हिशोब विक्री करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवला, तो यांच्यापैकी फक्त १ टक्का मुलांना आला. ती लांबलचक लेखी रीत वापरत होती, दोन क्रिया एकत्र करता येत नव्हत्या, आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले असते. म्हणजे बाजारातले मूल शाळेत नापास आणि शाळेतले मूल बाजारात नापास. दोघांकडे अर्धे अर्धे गणित आहे आणि दोन्ही अर्धी जोडायला कोणी नाही.

हे नव्याने कळले असेही नाही. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा कराहेर, डेव्हिड कराहेर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या ९ ते १५ वयाच्या पाच मुलांशी असेच बोलून पाहिले होते. धंद्याच्या जागी त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, तीच गणिते शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर ७४ टक्के, आणि नुसती अंकांत मांडल्यावर ३७ टक्के. त्यातला एक मुलगा नारळ विकणारा, बारा वर्षांचा. एक नारळ ३५ चा, तर दहाचे किती? दहाने गुणायला एक शून्य द्यायचे, हे शाळेचे उत्तर. तो म्हणाला, तीनाचे १०५, आणखी तीनाचे मिळून २१०, अजून चार हवेत, मग ३१५, म्हणजे ३५०. उत्तर बरोबर आणि रीतही बरोबर. शाळेला ती रीत दिसत नव्हती, इतकेच.

आता आपल्याकडे पाहू. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. बायांची गाठोडी एकेक करून चढतात आणि आईच्या मागे उभी राहून आकडा लक्षात ठेवणारी बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी असते. ३७ किलो, दर ९ रुपये. ती काय करते ऐकावे: "दहाने धरले तं ३७०, त्यातले ३७ गेले, ३३३ झाले जी." वर्गात ३७ गुणिले ९ फळ्यावर आले की हीच मुलगी हातचा सात धरायचा की सहा, यात अडकते. तिला वजाबाकीने गुणाकार सोपा करता येतो. बीजगणितात ज्याला वितरण गुणधर्म म्हणतात, तो ती काट्याजवळ उभी राहून वापरते. हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि तिच्या बाईंनाही ते माहीत नाही.

संत्र्याच्या बागा हे तर आपल्या तालुक्याचे मोठे गणित. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या मागेपुढे, मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडावर. कॅरेट किती भरले, एका कॅरेटला किलो किती, व्यापाऱ्याने कडता किती कापला, बारीक माल वेगळा काढल्यावर सरासरी भाव काय पडला, हे सगळे बापाच्या बाजूला बसून पोरे ऐकतात, पुष्कळदा बापाआधी सांगतात. झाडे २० बाय २० फुटांवर लावली तर एका झाडाला ४०० चौरस फूट जागा लागते आणि एकराचे ४३,५६० चौरस फूट, म्हणून एकरी १०८-१०९ झाडे बसतात. सहावी-सातवीच्या क्षेत्रफळाला आणि भागाकाराला याहून चांगले उदाहरण कोणते हवे? ठिबकच्या एका नळीतून तासाला किती लिटर, वीज रात्री किती तास, म्हणजे झाडाला पाणी किती पडले, हे गुणोत्तर आहे. डोंगराकडच्या गावांत गवळी कुटुंबांची मुले दुधाचा भाव फॅटवरून काढतात. हेटीकुंडीच्या सरकारी केंद्रात जी गवळाऊ जनावरे जोपासली जातात, ती घरी असणाऱ्या मुलाला रोजचे दूध, वासराचा वाटा आणि डेअरीचे माप यांची वजाबाकी तोंडपाठ असते. हा दशांश अपूर्णांकांचा हिशोब आहे. वर्गात दशांश चिन्ह शिकवताना हे मूल मान खाली घालून बसते.

पाठ्यपुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच असते. त्यात रत्नागिरीचा आंबाही यायचा आणि मुंबईची लोकलही. कारंज्याचे कॅरेट त्यात यावे असा हट्ट मी धरत नाही. ते आणण्याचे काम शिक्षकाचे आहे, आणि त्यासाठी आधी ते त्याला माहीत व्हायला हवे. म्हणून तो प्रश्न.

इथे वर्ध्याची आठवण काढावीच लागते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, असे ठराव झाले. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. पुढच्या वर्षी सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला, आणि आर्यनायकम दांपत्याने तिथे वर्षानुवर्षे शाळा चालवून दाखवली. टकळीवर सूत कातताना लांबी, वजन, सरासरी, कापसाचा भूगोल आणि गिरण्यांचा इतिहास यावा, ही कल्पना होती. या जोडणीला नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या या शिक्षणपद्धतीत, समवाय म्हणत.

त्या परिषदेत अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी विरोधही नोंदवला होता. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढणे त्यांना मान्य नव्हते, आणि मला वाटते ते बरोबर होते. पुढे देशभर बुनियादी शाळा निघाल्या आणि दोन-तीन दशकांत ओसरल्या. कारणे अनेक होती. सरकारी अनास्था होती, पालकांनाही मुलाने कारकून व्हावे असे वाटत होते. पण एक कारण शिकवण्याच्या आतले होते, आणि आजच्या संशोधनामुळे ते अधिक स्पष्ट दिसते. पुष्कळ ठिकाणी सकाळी सूत कातले गेले आणि दुपारी गणित शिकवले गेले. दोन्ही एका शाळेत आले म्हणून मुलाच्या डोक्यात एकत्र येतील, असे धरले गेले. तसे होत नाही. उरले काय, तर वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाची तासिका आणि त्यात कागदी फुले.

एका प्रसंगात शिकलेले दुसऱ्या प्रसंगात आपोआप जात नाही, हे मानसशास्त्राला १९०१ पासून ठाऊक आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी ते प्रयोगाने दाखवले. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी फार सुंदर प्रयोग केला. लोकांना एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटा मोठ्या सैन्याला बंद, म्हणून सेनापती तुकड्या पाडून सगळ्या वाटांनी एकाच वेळी पाठवतो. नंतर प्रश्न दिला: पोटातली गाठ किरणांनी जाळायची आहे, पण तेवढा प्रखर किरण वाटेतली चांगली पेशी जाळेल, काय कराल? उत्तर गोष्टीतच होते, मंद किरण अनेक बाजूंनी सोडायचे. तरी फार थोड्यांना ते आपणहून सुचले. "मघाची गोष्ट आठवून पाहा" एवढे म्हटल्यावर बहुतेकांना जमले. नंतरच्या प्रयोगांत दिसले की दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांत सारखे काय, हे विचारले तर पुढचे आपणहून सुचण्याची शक्यता वाढते. कॉलेजातल्या शिकलेल्या माणसांची ही गत, तर तिसरीच्या मुलीने काट्यावरचे ३३३ फळ्यावर आपणहून न्यावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर धरायची?

उलट बाजूचा पुरावाही सांगतो, कारण तो टाळला तर हे पत्र अर्धवट राहील. स्पेल्के आणि डुफ्लो यांच्याच गटाने दिल्लीतल्या २१४ बालवर्गांत १,५४० मुलांना चार महिने संख्या-आकारांचे खेळ दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. खेळातून वाढलेली समज टिकली, पण त्यामुळे पहिलीतले शाळेचे गणित पुढे जास्त चांगले आले नाही. आणि २००८ मध्ये जेनिफर कॅमिन्स्की व सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवले की विद्यार्थ्यांना नियम ठोस वस्तूंमधूनच शिकवला तर तो त्या वस्तूंना चिकटून राहतो, चिन्हांतून शिकवला तर नव्या ठिकाणी जास्त सहज जातो. म्हणजे वर्गात नुसते संत्र्यांचे कॅरेट आणून ठेवल्याने काही होणार नाही. ओळखीच्या प्रसंगापासून चिन्हापर्यंत मुलाला हाताला धरून न्यावे लागते आणि परत आणावेही लागते. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात याच क्रमाने सांगितले होते: आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने.

याचा तास कसा दिसेल? चौथीचा वर्ग धरा. बाई विचारतात, ३७ किलो कापूस, ९ रुपये दर, किती? वही बंद. दोघे-तिघे उत्तर देतात, बाई उत्तर चूक-बरोबर न म्हणता विचारतात, कसे काढले? एक दहाने धरतो आणि ३७ काढतो. दुसरी म्हणते, तीस नव्वे दोनशे सत्तर, सात नव्वे त्रेसष्ट. बाई दोन्ही रीती मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहितात. मग शेजारी चौकटींचा आयत काढतात, ३७ लांब आणि ९ रुंद, आणि पहिल्या मुलाने एक ओळ जास्त धरून कशी वजा केली ते त्यात दाखवतात. मग चिन्हांत: ३७ × ९ = ३७ × १० − ३७. आणि शेजारी पुस्तकातली उभी मांडणी. आता प्रश्न येतो: या सगळ्यांत सारखे काय आहे? इथे घाई करायची नाही, दहा मिनिटे जाऊ द्यावीत. कारण खरे शिकणे इथेच होते. मग कापूस काढून टाकायचा: ४८ × ९, ९९ × ६, २५ × ११. आणि शेवटी उलटे: "आता २५ × ११ चा एखादा प्रसंग तुम्ही सांगा." ज्या मुलाच्या घरी शेत नाही, ज्याचे वडील महामार्गावरच्या गॅरेजात आहेत किंवा कचेरीत आहेत, त्याला इथे तितकीच जागा आहे, अभ्यासातल्या त्या ४७१ शाळकरी मुलांना जे जमले नाही, ते त्याला इथे जमू लागेल.

यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो मुलाच्या रीतीबद्दल आदर, आणि "असे नसते करायचे" हे वाक्य थोडे उशिरा उच्चारण्याचा संयम.

आक्षेप दोन येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला बालमजुरीचा. मुलाचे श्रम थोर मानण्याचा माझा हेतू नाही. वेचणीच्या दिवसांत वर्गातली हजेरी उतरते, हे आपल्या नोंदींत दिसतच असेल. ती उतरता कामा नये. म्हणूनच शिक्षकाला विचारायचे आहे ते हिशोबाबद्दल. कोणाच्या घरी कोण काय करते याची यादी नको, नावे नकोत. उद्या त्या माहितीचा कोणावर दंडुका म्हणून वापर झाला तर मुले गप्प होतील आणि सगळेच संपेल.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, गवळ्याच्या पोराला त्याच्याच धंद्याचे गणित शिकवून त्याला तिथेच बांधून ठेवायचे आहे का? विदर्भात हा प्रश्न विचारणारी माणसे नेमकी ती आहेत ज्यांना पिढ्यानपिढ्या बापाच्या कामाला जखडून ठेवले गेले. त्यांना उत्तर द्यायला मी बांधील आहे. माझे उत्तर असे: आज ही मुले पाचवी-सहावीत गणितातून गळतात आणि त्यामुळेच तिथे बांधली जातात. कापसाचा काटा मला पहिली पायरी म्हणून हवा आहे. तास संपतो तो ९९ × ६ वर आणि पुढे बीजगणितावर. ज्या तासात मुलगी कापसावरून चिन्हावर पोहोचलीच नाही, तो तास फसला असे मोजा. नई तालीमचा तास मोजताना ही कसोटी लावली गेली असती, तर कदाचित आज वेगळे बोललो असतो.

मुलींबद्दल वेगळे सांगतो. आपल्या आठवडी बाजारात मालाजवळ बसवला जातो तो बहुधा मुलगा. मुलीचा हिशोब काट्यामागे, बचत गटाच्या वहीत, किराण्याच्या उधारीत चालतो आणि तो कोणी हिशोब म्हणून मोजत नाही. शिक्षकांनी विचारताना मुलींना आधी विचारावे.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात असताना अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मध्य मुंबईतल्या एका मोठ्या गरीब वस्तीतल्या शाळकरी मुलांचे असेच गणित समजून घेतले आहे. शिलाईसारखे वस्तीतले उद्योग आणि शाळेचे वर्ग, दोन्हीकडे ही मुले वावरतात. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: प्रत्येक मुलाकडे सारखे ज्ञान नसते, कामाचे स्वरूप कसे आहे त्याप्रमाणे ते बदलते. दिवसभर एकच हालचाल करणाऱ्या मुलाच्या वाट्याला गणित कमी येते. म्हणून 'शेतकऱ्याच्या मुलांना हिशोब येतोच' असे गृहीत धरून चालणार नाही. ते विचारूनच कळेल.

आता नेमकी मागणी. निपुण भारतमुळे पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाची चाचणी आपल्या शाळांत होते, 'असर'चे कार्यकर्ते घरोघर वजाबाकी-भागाकार तपासतात; ते चालू राहू द्या. त्याला जोडून केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातला एक हिशोब घेऊन यावा: मुलाचे नाव न लिहिता, त्याच्या शब्दांत, त्याने कसा काढला तो. परिषदेत बसून शिक्षकांनी ठरवावे की हा हिशोब कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकाला जोडता येतो आणि चिन्हापर्यंत कसा न्यायचा. दोन-तीन केंद्रांनी आधी करून पाहावे. वर्ध्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या गणिताच्या अधिव्याख्यात्यांना त्या बैठकीला बोलवावे. हे काम त्यांच्या आवडीचे आहे. फोटो अपलोड नको, लिंक नको, तक्ता नको. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच पुरेसे ओझे आहे आणि तक्ता आला की उत्तरे तक्त्यासाठी लिहिली जातात. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्या वर्गांत एकच गणित दोन प्रकारे विचारावे, एकदा प्रसंगात आणि एकदा नुसत्या आकड्यांत. दोन्हींतले अंतर कमी झाले तर पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्यात करावे. झाले नाही तर तेही उघड सांगावे, म्हणजे दुसरा मार्ग शोधता येईल.

आंबियाचा माल निघतो आणि वेचणी सुरू होते तो काळ दिवाळीच्या सुट्टीला लागून येतो. त्याआधीच्या परिषदेत हा विषय घेतला, तर सुट्टीवरून परतलेल्या मुलांना विचारायला शिक्षकांकडे प्रश्न तयार असेल. परिषदेत कॅरेट, कडता, ठिबक आणि फॅट यांचे हिशोब समजावून सांगायला तालुक्यातले आम्ही बागायतदार आणि गवळी यायला तयार आहोत. बोलावणे पाठवावे.

आपला,
कारंजा (घाडगे) तालुक्यातील एक संत्रा उत्पादक व पालक